दोन नोकऱ्या बघायचा कार्यक्रम

लातुरात माझं औषधाचं दुकान आहे. घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाला मी थोडंफार सोडते, कारण घासाघीस करणाऱ्या माणसाबद्दल मला आदर आहे; मुकाट्यानं पैसे देऊन जाणाऱ्याला मी काही सोडत नाही, त्यानं मागितलेलंच नसतं. पण निवृत्तीनंतर या गावात येऊन राहिलेले एक नवरा-बायको असे आहेत, की त्यांना मी छापील किमतीच्या खाली कधी आले नाही आणि येणारही नाही. दर महिन्याला ते ब्लडप्रेशरच्या गोळ्या न्यायला येतात. दोघंही माझ्याहून मोठे, दोघांनाही पेन्शन आणि दोघांचाही माझ्यावर जीव. नवरा बाहेर स्कूटरवर बसून राहतो. बायको काउंटरवर कोपर टेकवते आणि म्हणते, "शकू, आता तरी सोड की गं राग." मी म्हणते, "राग कवाच सोडला ताई. किंमत सोडत नाही." त्या किमतीमागं काय आहे, ते एकदा लिहून ठेवते. वाचणाऱ्यानंच ठरवावं, मी जास्त घेते की कमी.

आमचं गाव लोह्याच्या अलीकडं, नांदेडच्या एसटीतून उतरून थोडं आत चालत जावं लागे. माझे वडील, आम्ही त्यांना बा म्हणायचो, गवंडी होते. दुष्काळ म्हटलं की लोकांना शेत आठवतं. पण गवंड्याचा दुष्काळ शेतकऱ्याच्याही आधी सुरू होतो. प्यायला पाणी नसलेल्या गावात सिमेंट कोण कालवणार? त्या वर्षी निम्म्या गावाच्या भिंती कमरेपर्यंत येऊन थांबल्या होत्या आणि बाची थापी खुंटीला लटकत होती. दुसरं काही काम नसल्यामुळं बा ओळंबा खिशात घालून गावभर फिरायचा आणि दुसऱ्या गवंड्यांनी बांधलेल्या भिंतींना लावून बघायचा. भिंत कललेली निघाली की त्याला दिवसभर पुरेल इतका आनंद व्हायचा. माय रोजगार हमीवर खडी फोडायला जायची. तिच्या हाताला त्या हातोडीची इतकी सवय झाली होती, की रात्री भाकरी थापतानासुद्धा तोच ठेका लागायचा: तीन हलके, एक जोरात. त्या जोराच्या थापेला परात उडायची. भाकरी, येसराचं कालवण आणि मिरचीचा ठेचा. ठेचा एवढा तिखट, की त्यावर पाणी लागेल या भीतीनं आम्ही तो बेतानंच खायचो. आणि सगळ्यात मोठा आवाज टँकरच्या भोंग्याचा. त्याची वेळ ठरलेली नव्हती. रांगेत माणसं नाही, घागरी उभ्या असायच्या आणि कुठला पोचा कुणाच्या घागरीचा हे आख्ख्या वस्तीला पाठ होतं.

अशात मी बारावी सायन्स पास झाले, आणि चांगली झाले. डॉक्टरकीला मार्क थोडे कमी पडले. पुढं दोन वाटा होत्या. एक नांदेडला नर्सिंग. तीन वर्षं, राहायला होस्टेल आणि वर विद्यावेतन. दुसरी लातूरला फार्मसीचा डिप्लोमा. दोन वर्षं, पण फी भरायची आणि खोली भाड्यानं घ्यायची. बाला एकाच वाटेचा खर्च झेपणार होता, आणि तीसुद्धा एकदाच. चुकली तर मागं फिरायला एसटीचं भाडं नव्हतं. एवढंच नाही, माझ्यामागं दोन भाऊ होते. मी लवकर कमवायला लागले तरच त्यांच्या शाळा पुढं चालणार होत्या.

बानं विचारलं, "दोन्हीत दवाखानाच हाय की. मंग फरक काय?"

हे कुणालाच सांगता येईना. डॉक्टर आम्ही पाहिलेला होता. त्याच्या खालचे दोघंही पाहिलेले होते. एक बाई पळत येऊन सुई टोचायची आणि एक माणूस खिडकीच्या जाळीआड बसून कागदात गोळ्या बांधून द्यायचा. पण पगार कुणाला जास्त? पुढं कोण चढतो? पळणारी मोठी की बसणारा मोठा? मी शाळेतल्या सरांना विचारलं, तर ते म्हणाले, दोन्ही सेवेची क्षेत्रं आहेत. असल्या उत्तराला बाजारात कुणी कोथिंबिरीची काडीसुद्धा देत नाही.

त्यात लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. आमच्या भागात त्याची अशी हवा होती, की एखाद्या गरीब घरातल्या पोरीला मोठं स्थळ मिळावं. लातूरला जाऊन आलेला माणूस पारावर बसून सांगायचा, "नवी हापिसं, नवे दवाखाने. जागाच जागा निघून राहिल्या. मानूस कमी पडायलंय." नांदेड आमचं जवळचं, पण जुनं. लातूर लांबचं, पण नवं. वयाच्या त्या वर्षी नवं काय ते गोड लागतं.

या गुंत्यात काशीआत्यानं हात घातला. काशीआत्या म्हणजे बाची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून आमच्याकडंच राहायची. देगलूरपासून निलंग्यापर्यंत आमच्या बौद्ध समाजातली लग्नं जुळवणं हा तिचा उद्योग. त्यात तिला पैसा मिळत नसे. लग्न जमलं की मानाचं लुगडं मिळायचं, आणि तिची पेटी लुगड्यांनी भरलेली होती. तिला जगातल्या कुठल्याही गोष्टीची चौकशी करायची एकच पद्धत माहीत होती.

"त्यात काय अवघड हाय?" ती म्हणाली. "नांदेडची एक नर्स बोलवू. लातूरकडचा एक दवाईवाला बोलवू. बसवू, खाऊ घालू, आन इचारू. नवरदेवाचा पगार काढते मी पोटातून, नोकरीचा न्हाई काढता येनार?"

आम्हा सगळ्यांना ते एकदम पटलं. आज मागं वळून बघताना वाटतं, घरात चार जाणती माणसं होती, त्यातल्या एकालाही शंका येऊ नये? पण नाही आली. आत्यानं निलंग्याकडच्या एका ओळखीच्या घरी निरोप धाडला, "तुमच्या मिलिंदला येत्या आयतवारी पाठवून द्या." नांदेडच्या विमल सिस्टरच्या आईला निरोप धाडला, "विमलला आयतवारी आमच्याकडं फराळाला पाठवा." कशासाठी, ते सांगितलं नाही. काशीआत्याला जन्मात कधी कशासाठी ते सांगावं लागलं नव्हतं. आणि मिलिंदराव सरकारी दवाखान्यात फार्मासिस्ट, विमलताई सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स, दोघंही बिनलग्नाचे, हेही आत्याच्या सवयीनंच झालं. लग्न झालेली माणसं तिच्या ओळखीतून आपोआप गळून पडायची.

रविवारी मायनं फोडणीच्या चुरमुऱ्यांचं सुशीला करायचं ठरवलं. चुरमुरे भिजवायला पाणी लागतं, म्हणून ते एका पातेल्यात भिजवले, पिळले आणि ते पाणी शेळ्यांना पाजलं. शेंगदाणे जास्त घातले, कारण शेंगदाण्याला पाणी लागत नाही. शाळेतून एक खुर्ची आणली. मिलिंदराव आधी आले. पांढरा टेरिलीनचा शर्ट, खिशाला पेन आणि डोक्याला एवढं तेल, की दुष्काळातही त्यांच्या कपाळावर ओल होती. हातात लाल टॉनिकची बाटली. ती त्यांनी बाच्या हातात दिली. मागून विमलताई आल्या. एका हातात पर्स, दुसऱ्या हातात पाण्याचा कॅन. नांदेडहून एसटीत मांडीवर धरून आणलेला, गोदावरीचा. माय तो कॅन घेऊन आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. त्या वर्षी आमच्याकडं कुणी सोनं आणलं असतं तरी मायचे डोळे भरले नसते.

मिलिंदराव खुर्चीवर, विमलताई समोर बाजेवर, आत्या मधे पाटावर. मला कोपऱ्यात बसवून आत्यानं बजावलं, "तू तोंड उघडू नको." मग तिनं पदर सावरला आणि सुरुवात केली.

"तर पाव्हनं, पगार किती पडतो हातात?"

मिलिंदरावांनी कॉलर सरळ केली आणि आकडा सांगितला. तो आकडा मी इथं देत नाही. पुढं तो खोटा निघाला आणि खोट्या आकड्यावर मी शाई घालवत नाही.

"आन ऱ्हायला?"

"क्वार्टर हाय. नळ हाय."

"नळाला पानी येतं?" मायनं आतून विचारलं.

"दवाखान्याचा नळ हाय मावशी. त्याला कुठला आलाय दुष्काळ?"

घरातल्या सगळ्यांची नजर त्यांच्यावर खिळली. एखाद्यानं हत्ती पाळलाय म्हणून सांगावं तशी.

"आन पुढं?" आत्या म्हणाली. "का जलमभर पुड्याच बांधायच्या?"

"तसं कसं आत्याबाई? लातूर आता जिल्हा झालं. समद्या जिल्ह्याची दवाई एका मानसाच्या हाताखाली येनार. साहेब माझंच नाव घिऊन राहिले." मग भिंतीकडं बघत, "त्या पोस्टाला गाडी असती."

"शायकल?" बा म्हणाला.

"जीप."

बानं बाटलीचं झाकण उघडलं. मिलिंदराव म्हणाले, झाकणानं मोजून घ्या. बा म्हणाला, "झाकन लई बारीक हाय," आणि बाटलीच तोंडाला लावली.

पुढं तर मिलिंदराव न विचारताच बोलायला लागले. "मला कसलं बी येसन न्हाई. सुपारी बी खात न्हाई." मी मनात नोंद केली, की औषधाजवळ बसणाऱ्याला सुपारीची बंदी असणार, नियम कडक दिसतात. "घरात मी एकलाच. बहिनींची लग्नं उरकली." म्हटलं, खात्यात हेही विचारत असतील, माणूस मोकळा हवा असेल. एवढ्या लहान वयात मी एवढी हुशार होते, की काहीही ऐकलं तरी त्याचा अर्थ लावूनच सोडायची.

विमलताई मात्र मघापासून बाजेच्या काठावर सरकत होत्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता. मला वाटलं, सुशीलातली मिरची लागली असेल.

"आता बाई तू सांग," आत्या त्यांच्याकडं वळली. "तुझा पगार?"

"माझा?" विमलताई म्हणाल्या. "माझा कसला पगार. नावाला."

"ऱ्हायला?"

"एका खोलीत चौघी. आणि ढेकूण."

"आन काम?"

"उभं राहायचं. पायाच्या शिरा फुगतात. रात्रपाळ्या तर विचारूच नका. दिवाळी नाही, चौदा एप्रिलची सुट्टी नाही. असल्या नोकरीत माणूस चिडका होतो. मी तर लई चिडकी आहे." आणि हातातली बशी खाली ठेवून, प्रत्येक शब्द सुटा करून, "आणि मला स्वैपाक येत नाही."

हे आत्यानं विचारलंच नव्हतं. पण मी त्याचाही अर्थ लावला. पाळ्या करून करून बाई चूलसुद्धा विसरते. राहवेना म्हणून मी तोंड उघडलं, "सिस्टर, पुढं मेट्रन होता येतं म्हणे?"

"म्हातारपणी," त्या म्हणाल्या. "तोवर जगलीस तर."

मिलिंदराव हसले. "चिडकी मानसं मनानं साफ असतात बगा."

"तुम्हाला कुणी विचारलं?"

मला वाटलं, दवाखान्यात नर्स आणि फार्मासिस्टचं असंच जमत नसेल. हा एक अंदाज मात्र माझा पुढं खरा निघाला.

एवढ्यात भोंगा वाजला. टँकर! पुढचं काही मला सलग आठवत नाही, कारण भोंगा वाजल्यावर आमच्या वस्तीत कुणी सलग काही करतच नसे. बा टॉनिकच्या जोरावर सगळ्यांच्या पुढं पळाला. आत्या सुशीलाची बशी हातात घेऊनच धावली. आणि पाहुणे? पाहुण्यांना कुणी काही सांगितलं नाही, पण भोंग्यापुढं कुणी पाहुणा राहत नाही. विमलताईंनी पदर खोचला, दारातली घागर उचलली आणि निघाल्या. मिलिंदरावांनी राहिलेल्या दोन घेतल्या.

टँकर गावात आला की आधी वरच्या आळीला, मग मधल्या, आणि तळ उरला तर आमच्या वस्तीला, हे कुणी न बोलता ठरलेलं होतं. त्या दिवशी टँकर चुकून आमच्या तोंडाशी उभा राहिला होता आणि वरच्या आळीच्या बाया घागरी घेऊन खाली पळत येत होत्या. पाइप धरणाऱ्या माणसानं सवयीनं पाइप त्यांच्याकडं फिरवला. विमलताईंनी तो मधेच धरला.

"ज्याची घागर आधी, त्याला आधी," त्या म्हणाल्या.

"ही बाई कोन?" कुणीतरी विचारलं.

"मी नांदेडच्या दवाखान्यातली सिस्टर. लसीकरणाला या गावात मीच येऊ शकते. आणि मला सुया मोठ्या पण सापडतात."

गर्दी दोन पावलं मागं सरकली. एवढा मोठा पैलवान तो पाइपवाला, त्याचा हात नकळत स्वतःच्या दंडावर गेला. वस्तीतली एकूण एक घागर भरेपर्यंत विमलताईंनी पाइप सोडला नाही. मिलिंदराव शेजारी उभे होते. त्यांच्या हातातली घागर भरून वाहत होती, पाणी बुटात शिरत होतं आणि ते विमलताईंकडं बघत होते. मग त्यांनी त्या पांढऱ्या शर्टावर घागरी घेऊन आमच्या घरापर्यंत किती खेपा केल्या! मी म्हटलं, बघा, फार्मासिस्ट लोक किती कामसू. आणि ज्या नोकरीच्या नुसत्या नावानं आख्खं गाव मागं सरकलं, ती नोकरी मात्र मला त्या घटकेला दिसली नाही. माझ्या डोक्यात जीप होती.

यानंतरचा भाग मी पाहिला नाही आणि माझं नुकसान झालं ते तिथंच. मला टँकरपाशी घागरी राखायला ठेवलं होतं. घरी पोचल्यावर विमलताई चुलीपाशी मायजवळ बसल्या, मिलिंदराव दारात शर्ट पिळत उभे होते, आणि विमलताई मोठ्यानं म्हणाल्या, "तसं वाईट नाही हो मावशी आमचं काम. पगार वेळेवर येतो. शिकताना विद्यावेतन मिळतं. पुढं सिस्टर इनचार्ज, मग मेट्रन, मग पेन्शन. ढेकूण तर केव्हाच गेले. आणि मला भाकरी येते, थोडी थोडी." हे सगळं मायनं ऐकलं आणि मला एक अक्षर सांगितलं नाही. पुढं कितीतरी वर्षांनी मी तिला धरून विचारलं, "माय, तवाच का नाही सांगितलंस?" माय म्हणाली, "मला वाटलं, ती त्येला सांगून राहिली. तुला न्हाई." आख्ख्या घरात काय चाललंय ते एकट्या मायला कळलं होतं, आणि तिला कुणी विचारलं नव्हतं.

पाहुणे एकाच एसटीनं गेले. त्याचाही अर्थ मी लावला. दिवसाला गाड्या कमी.

संध्याकाळी बा म्हणाला, नांदेड जवळ आहे, विद्यावेतन मिळतं, नर्सच हो. मी उसळले. माझा आवाज तेव्हाही असाच होता. "तीन वर्षं उभं राहून ढेकूण, का दोन वर्षात बसून जीप? तूच सांग! कानानं ऐकलंस ना?" आणि वर म्हणाले, "तुझा ओळंबा लाव दोघांना. कोण सरळ बोललं?" बानं बाटलीत उरलेलं टॉनिक डोळ्यापुढं धरून बघितलं. "पोरगं मनाचं मोठं वाटलं," तो म्हणाला. आयुष्यभर भिंतींचे दोष काढणारा माणूस गोड टॉनिकनं कलला.

फीसाठी शेळ्या विकायच्या ठरल्या; चारा नव्हताच. घ्यायला आलेल्या माणसाशी बा बोलायला लागला, तशी मी मधे पडले. शेळीचे दात दाखवले, दूध दाखवलं, दोनदा तिला घरात परत नेऊन बांधली. तो माणूस कंटाळून निघून गेला, बांधापासून परत आला आणि मी म्हटल्या भावानं घेऊन गेला. माझ्या आयुष्यातला तो पहिला सौदा. आजही मला त्याचा अभिमान आहे. फक्त एवढंच वाटतं, की शेळीसाठी जी बाई अर्धा दिवस भांडली, तिनं आख्ख्या जन्माची नोकरी मालकानं सांगितलेल्या भावात उचलली.

लातूरला मी खोली घेतली. नवा जिल्हा मी रोज कॉलेजला जाताना बघायची. पाट्या नव्या होत्या. पाट्यांमागची घरं जुनीच होती आणि आत बसायला खुर्च्या यायच्या होत्या. रस्त्यात जीप दिसली की मी वाकून बघायची, आत मिलिंदराव आहेत का. नव्हते. पहिलं वर्ष संपता संपता आत्या लग्नपत्रिका घेऊन आली. वर मिलिंद, खाली विमल. आत्या नुसती फुलली होती. "माझ्या हातून जुळलेलं सगळ्यात झकास लग्न," ती म्हणाली. "आन मला पत्त्याच न्हाई, कवा जुळवलं मी!" मला तोवरही काही कळलं नाही. म्हटलं, योगायोग.

लग्न नांदेडला होतं. वंदना झाली, पंचशील झालं, फुलं टाकून झाली आणि आहेराची रांग लागली. मी आहेराचं पाकीट घेऊन स्टेजवर चढले आणि पाकीट हातातच ठेवून सरळ मुद्द्याला आले.

"भाऊजी, जीप मिळाली का?"

"कसली जीप?" मिलिंदराव फोटोवाल्याकडं बघून हसत होते.

"जिल्ह्याच्या दवाईची! साहेब नाव घेऊन राहिले होते ती!"

"अगं ते... ते मी नवरदेव म्हनून बोललो होतो. मला वाटलं मुलगी बघायला बोलावलंय. नवरदेव कुठं खरं सांगतो का?"

विमलताईंनी माझा हात धरला. "म्हणजे तुला विचारायचं होतं? नोकरीचं? खरंच? अगं, मला वाटलं, न सांगता मला दाखवायला बोलावलंय. मला आला राग. म्हणून मी सगळं उलटं सांगितलं." मग त्यांच्या डोळ्यात भीती दिसली. "शकू, तू नर्सिंगला गेली नाहीस?"

त्या क्षणी फोटोवाल्यानं फोटो काढला. तो त्यांच्या अल्बममध्ये आजही आहे. नवरा-नवरी पांढऱ्या कपड्यात, हात जोडलेले, आणि मधे मी, बोट वर, तोंड उघडं. पाहुणे विचारतात, ही कोण? ते सांगतात, ही आमचं लग्न जमवणारी.

आणि माझं म्हणणं तेच होतं! खाली उतरले तर नवरीची आई काशीआत्याला मानाचं लुगडं देत होती. मी मधे हात घातला. "हे लुगडं माझं हाय. शेळ्या माझ्या गेल्या, जीप माझी गेली, विद्यावेतन माझं बुडलं. आत्यानं काय केलं? सुशीला खाल्लं!" आत्या म्हणाली, "गप बस टवळे, लोकं बगायलेत." मी म्हणाले, "बघू दे." जेवणाच्या पंगती थांबल्या. शेवटी नवरदेव हार घातलेल्या गळ्यानं खाली आले आणि तडजोड झाली. लुगडं आत्याला, मिलिंदरावांची फार्मसीची सगळी पुस्तकं मला, आणि नांदेडला आले की विमलताईंकडं जेवण. पुस्तकं चांगली होती. जेवायला मी एकदाच गेले. त्या दिवशी आमच्या घरात मी जे जे ऐकलं होतं, त्यातली एकच गोष्ट खरी होती. विमलताईंना स्वैपाक येत नव्हता.

पुढचं थोडक्यात. नव्या जिल्ह्यात फार्मासिस्टच्या जागा निघायच्या त्या निघतच राहिल्या. मी दुसऱ्याच्या दुकानात काउंटरमागं उभी राहिले, चांगली शिरा फुगेपर्यंत, आणि भावांच्या शाळा त्यातूनच केल्या. मग स्वतःचं दुकान टाकलं. विमलताई सिस्टर इनचार्ज झाल्या, मग मेट्रन झाल्या, त्यांना केबिन मिळाली. मिलिंदराव ज्या पदावर चिकटले, त्याच पदावरून निवृत्त झाले. बढती नाही, जीप नाही. जीप शेवटी एकदा मिळाली, ती विमलताईंना, पोलिओच्या मोहिमेत. मिलिंदराव तिच्यात मागं बसून गेले.

आता हे सगळं आठवायचं कारण गेल्या महिन्यातलं. माझ्या धाकट्या भावाची मुलगी प्रज्ञा बारावी झाली आणि तिला तोच प्रश्न पडला, नर्सिंग की फार्मसी. माझ्या मुलाला पुण्यात संगणकासमोर बसायचंय. दुकानात कुणी नाही. माझ्या मनात होतं, पोरीनं फार्मसी करावी आणि ही गल्ल्यामागची खुर्ची घ्यावी. म्हटलं, कुणाला बोलवायचं नाही, सुशीला करायचं नाही, पोरीला दुकानातच बसवायचं. तिच्या डोळ्यांनी बघू दे. दुपारभर बसली. गर्दी चांगली होती. तेवढ्यात विमलताई गोळ्यांना आल्या आणि कोपर टेकून नेहमीचं सुरू केलं, "शकू, थोडे तरी कमी कर. एवढं मोठं दुकान, तुला काय फरक पडतो?"

आणि नेमकं तेव्हाच प्रज्ञानं विचारलं, "आत्या, दुकानात नीट सुटतं का गं?"

"कसलं सुटतंय बाई," माझ्या तोंडून निघून गेलं. "भाडं निघालं तरी नशीब. दिवसभर उभं राहायचं, वर उधारी. माझं मलाच माहीत."

"आमचं बरं होतं बघ," विमलताई तिला म्हणाल्या. "घरबसल्या पेन्शन येते."

पुढच्या आठवड्यात प्रज्ञानं नांदेडला नर्सिंगला प्रवेश घेतला आणि पेढे माझ्याच काउंटरवर ठेवून माझ्या पाया पडली. परवा विमलताई आल्या, तेव्हा त्यांना पेढा दिला. त्या चावता चावता थांबल्या.

"अगं, पण दुकान तर तुझं जोरात चालतं. पोरीला खरं का नाही सांगितलंस?"

"तुम्ही समोर उभ्या होतात," मी म्हणाले, "आणि सूट मागत होतात."

त्या इतक्या हसल्या, की काय झालं म्हणून मिलिंदराव स्कूटर सोडून आत आले. त्यांना सांगितल्यावर तेही भिंतीला धरून हसायला लागले. मी दोघांचं हसणं संपू दिलं. मग गोळ्यांचे छापील किमतीनं पैसे घेतले, आणि त्या दिवशी पिशवीचे वेगळे लावले.